असोद्याचे शीतगृह केंद्र बंद असल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : ११ मार्च २०२५

प्रति,
मा. प्रकल्प संचालक,
सीमापार कृषी-व्यापार विकास प्रकल्प,
विभागीय कार्यालय, धुळे.

अर्जदार : कु. मोहिनी बन्सीलाल नारखेडे, रा. असोदा, ता. जि. जळगाव.

विषय : आमच्या शेतातील केळी शीतगृह केंद्र सुरू झालेलेच नाही हे मान्य होऊन तसा दाखला, व त्याआधारे धुळे गोदामात पडून असलेले थंड करण्याचे यंत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) केंद्र सुरू नसल्याबाबतचे माझे यापूर्वीचे अर्ज.
२) त्यांना उत्तर म्हणून आलेले आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी खाली सही करणारी विनंतीपूर्वक अर्ज करते की, आपले अभिनंदनाचे पत्र मिळाले. वडिलांनी ते दोनदा वाचायला लावले आणि "आता मशीन कधी येनार ते लिव्हलंय का?" असे विचारले. तसे लिहिलेले नव्हते. उलट, केंद्र उत्तमरीत्या कार्यरत असल्याने यंत्राची आवश्यकता दिसत नाही, आणि केंद्र अपूर्ण असल्याचे ३१ मार्चपूर्वी सिद्ध न झाल्यास यंत्र अन्य गरजू केंद्रास वर्ग होईल, असे लिहिले होते. म्हणून हा अर्ज. माझे शिक्षण बी.एस्सी. (कृषी) झाले असून ते या प्रकरणात आजवर उपयोगी पडलेले नाही.

१. प्रकरणाची सुरुवात अशी. माझे वडील बन्सीलाल नारखेडे यांनी आपल्या प्रकल्पासाठी शेतातली वीस गुंठे जागा कायमची लिहून दिली. मोबदला मागितला नाही. उन्हाळ्यात केळीचे घड कापले की ट्रक येईपर्यंत माल बांधावर पडतो आणि पंचेचाळीस डिग्रीत काळा होतो. थंड खोली झाली तर गावाचा माल टिकेल आणि सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याला "माल खराब होतोय, लवकर द्या" म्हणून भाव पाडता येणार नाही, एवढाच त्यांचा हिशोब होता. मागच्या वैशाखात आमचा एक पूर्ण ट्रक माल असाच काळा पडला. वडील त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. कोणी मयताला बसावे तसे.

२. केंद्राच्या नावात 'सीमापार' हा शब्द असला तरी आमचे शेत सीमेवर नाही. मध्य प्रदेशची हद्द गाडीने बरीच लांब आहे. परंतु ज्या शेतातला माल हद्द ओलांडतो ते शेत सीमावर्ती धरावे, असा आपला नियम असल्याचे समजते. त्या नियमाने बऱ्हाणपूरला लेक दिलेले गावातले प्रत्येक घर सीमावर्ती ठरेल. तो आजचा विषय नाही.

३. केंद्राची इमारत झाली. पत्र्याची शेड झाली, केळी धुण्याचा मोठा स्टीलचा हौद झाला, जाड दरवाज्याची खोली झाली, फलक झाला. यंत्र आले नाही. डिसेंबरमध्ये प्रकल्पाच्या खर्चाची पाहणी करण्यासाठी आमदार मा. प्रेमराजभाऊ यांची समिती आली. भाऊंबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी स्वतःची टेप आणली होती. भिंत मोजली, प्लास्टरवर नख मारून पाहिले, प्रत्येक नळ उघडला आणि एकातूनही पाणी आले नाही म्हणून प्रत्येक नळ पुन्हा उघडला. मग जाड दरवाजा उघडून ते खोलीत गेले आणि घाम पुसत बाहेर आले. त्यांनी आपल्या कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना विचारले, "या खोलीत थंडी कुठे आहे?" अधिकारी म्हणाले, "साहेब, थंडी पुढच्या टप्प्यात आहे."

भाऊंनी खिशातून पेन काढले. महोदय, पेनाचे टोपण निघालेले मी स्वतः पाहिले आहे. त्या क्षणी यंत्र आमच्यापासून फक्त एका वाक्यावर होते.

४. त्याच क्षणी माझी आई सुनंदाबाई तिथे आली.

५. येथे आमच्या गावाची एक अडचण नम्रपणे नमूद करते. असोद्याची वांगी भरिताची, आणि हिवाळ्यात शेतावर आलेला माणूस भरीत न खाता परत गेला तर ते घर गावात तोंड दाखवत नाही. तो माणूस पाहुणा आहे की समिती, हे आई विचारत नाही. तिने सकाळीच कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायला घेतली होती. ती भाऊंना म्हणाली, "भाऊ, आधी जेवा, मंग काय लिव्हायचं ते लिव्हा." ऊन चढलेले, सावली फक्त शेडमध्ये. समिती शेडमध्ये बसली. उरलेली वांगी विहिरीचे पाणी आणून केळीच्या हौदात धुतली गेली. शेजारच्या चार बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळायला आल्या. अधिकाऱ्यांनी पुरीला पुरी लावून खाल्ले. भाऊंनी मागून घेतले.

जेवण झाल्यावर भाऊंनी पाकीट काढले. सरकारी दौऱ्यात फुकट खात नाही, हा त्यांचा नेम आहे. आईने ते पाकीट त्यांच्या खिशात परत घातले आणि म्हणाली, "माह्या घरी येऊन पैसे दाखवता? खानावळ हाये का हे?" भाऊ ओशाळले. उपकार कुणाचा ठेवायचा नाही, आणि पैसे तर घेत नाहीत. म्हणून त्यांनी परतफेड शेऱ्यात केली. शेरा असा : "केंद्रात प्रत्यक्ष प्रक्रिया सुरू आढळली. हौदाचा पूर्ण वापर. चार महिलांना काम. खर्च सार्थकी."

६. मी जळगावला जाऊन भाऊंना भेटले. म्हटले, भाऊ, केंद्र बंद आहे असे लिहा, म्हणजे मशीन येईल. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "पोरी, अक्काच्या हातचं खाल्लं आणि तिच्याच दारातलं केंद्र बंद म्हणून लिहायचं? मी राजकारणात आहे, पण इतका पडलेलो नाही." मी सांगितले की बंद लिहिणे हेच आमच्यावर उपकार होतील. ते हसले, चहा मागवला आणि स्वीय सहायकाला म्हणाले, "घर मोठं विनोदी आहे रे. आई जेवायला घालते आणि लेक तक्रार करते." चहा चांगला होता. मी तसा शेरा कुठेही दिलेला नाही, याची नोंद व्हावी.

७. त्यानंतर माझ्या अर्जावरून जानेवारीत आपल्या धुळे कार्यालयाचे कनिष्ठ अभियंता श्री. भूपेंद्र यांना फेरपाहणीस पाठवण्यात आले. यावेळी मी पूर्ण काळजी घेतली. आईला आदल्या दिवशी जामनेरला मावशीकडे पोहोचवले. शेडला कुलूप लावले. चुलीवर पाणी ओतले. पाहणीच्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबले, कारण बंद केंद्राजवळ कोणी उभे असले तर ते सुरू वाटते.

श्री. भूपेंद्र आले, कुलूप पाहिले आणि उन्हात उभे राहिले. इथपर्यंत सर्व व्यवस्थित होते. परंतु पलीकडच्या शेतातून प्रमिलाकाकूंनी पाहिले की सुनंदाच्या दारात पाहुणा एकटा उभा आहे. कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते, कारण शेडमध्ये त्यांची मिरची वाळत असते. त्यांनी कुलूप उघडले आणि म्हणाल्या, "सुनंदा घरी नही म्हनून पाव्हना उपाशी जाईन का?" मी धावत पोहोचले तोवर काड्या पेटलेल्या होत्या. श्री. भूपेंद्र मांडी घालून बसले होते. मला पाहून म्हणाले, "ताई, भरीत एक नंबर शे!" मी त्यांना खोली दाखवली, नसलेले यंत्र दाखवले, नसलेले पाणी दाखवले. ते प्रत्येक वेळी "हो ना" म्हणाले आणि कांद्याची पात मागितली.

त्यांचा शेरा : "मुख्य संचालिका बाहेरगावी असतानाही केंद्र अखंड सुरू. दुसरी फळी तयार आहे."

दुसरी फळी म्हणजे प्रमिलाकाकू. त्यांना ते वाचून दाखवल्यावर त्यांनी नवीन पातळ घेतले.

८. फेब्रुवारीत जे झाले ते मला लिहिण्याचाही कंटाळा आला आहे, परंतु लिहिते. केंद्राच्या यशाची कीर्ती हद्दीपलीकडे गेली आणि बऱ्हाणपूरकडून अधिकाऱ्यांचे एक पथक अभ्यास दौऱ्यावर आले. विषय : 'सीमापार आर्थिक विकासाचे असोदा प्रारूप'. त्यांनी रिकाम्या हाताने येणे बरे नव्हे म्हणून मावा जिलेबी आणली. आईने जाताना त्यांच्या गाडीत भरिताचे पातेले ठेवले. आपल्या त्रैमासिक अहवालात हे "दोन राज्यांतील प्रक्रिया केलेल्या मालाची देवाणघेवाण" म्हणून आले आहे. महोदय, या प्रकल्पात आजवर हद्द ओलांडून प्रत्यक्ष काही गेले-आले असेल तर ते एवढेच आहे. जिलेबी उत्तम होती. वडिलांनी खाल्ली नाही. त्यांनी पथकातल्या साहेबांना एकच विचारले, "तुमच्याकडं थंड खोली आहे का?" साहेब म्हणाले, "आहे ना, दादा. मागच्या वर्षीच चालू झाली." वडील "बरं" म्हणाले आणि बागेत पाणी द्यायला गेले. पाण्याची पाळी त्या दिवशी आमची नव्हती.

९. या सर्वांवरून आपल्या लक्षात येईल की केंद्र बंद असल्याचे सिद्ध करण्यासाठी कोणीतरी येऊन पाहणे आवश्यक आहे, आणि कोणी आले की केंद्र सुरू होते. कोणी आले नाही तर ते बंद असते, पण मग ते पाहायला कोणी नसते. यातून मार्ग काढण्याचा मी प्रयत्न केला. उपवासाच्या दिवशी पाहणी ठेवावी, असे मनात आले. आईने सांगितले की साबुदाणा आहे. पाहणी अधिकारी जेवून येतील, असे लेखी घ्यावे असे वाटले, तर आई म्हणाली, "जेवून आला म्हनजे काय, चव तर पाह्यल." रात्री पाहणी ठेवावी, तर मुक्कामाची सोय होईल म्हणून ती गाद्या काढू लागली.

१०. भाऊ प्रामाणिक आहेत. श्री. भूपेंद्र वाईट माणूस नाहीत. प्रमिलाकाकूंचे चुकले असे म्हणायला गावात कोणी तयार नाही, मीसुद्धा नाही. आईचे तर नाहीच. आजवर ज्यांनी ज्यांनी आमचे नुकसान केले त्यांनी ते आमचे भले व्हावे म्हणून, पोटभर जेवून, दोन्ही हात जोडून केले आहे. भांडावे असा एकही माणूस मला सापडत नाही. हे फार थकवणारे आहे, महोदय. अर्जात अशी वाक्ये घालत नाहीत, हे मला माहीत आहे.

११. बागेत यंदा घड चांगले लागले आहेत. कापणी वैशाखातच येणार. वडिलांनी बांधावरची ती खुर्ची काढून शेडच्या दाराशी ठेवली आहे.

१२. तरी आपणास माझी विनंती आहे की :

कोणालाही पाहणीस पाठवू नये. आपण धुळ्यातच बसून, कागदावरून, केंद्र बंद असल्याचे मान्य करावे. यंत्र आपल्याच गोदामात आहे, म्हणजे ते आमच्याकडे नाही. याची खात्री आपण खुर्चीवरून उठून, जिना उतरून करू शकता. त्यासाठी असोद्यास येण्याची आवश्यकता नाही. आलात तर आनंदच आहे, पण मग यंत्र गेलेच म्हणून समजा.

यंत्र पाठवताना गाडीसोबत ड्रायव्हर व हमाल येतील. ते जेवतील. ते टाळणे माझ्या हातात नाही. त्यांच्याकडून कृपया कोणताही शेरा मागवू नये.

आपल्या खातरजमेसाठी आईकडून हमीपत्र लिहून घेतले आहे की, यंत्र चालू होईपर्यंत ती कोणत्याही शासकीय व्यक्तीस जेवू घालणार नाही. सही करताना तिचा हात थांबला. मला वाटले, वाईट वाटले असेल. तिने विचारले, "हा कागद धुळ्याला कोन घेऊन जाईन?" मी म्हटले, मीच, सकाळच्या बसने. ती म्हणाली, "आन् ज्या साहेबाच्या हातात देशील, तो त्या वेळी जेवला असन का?"

या प्रश्नाचा परिणाम खालील यादीत अनुक्रमांक ४ वर दिसेल.

धुळ्याच्या रस्त्याकडे कान लावून बसलेली,
आपली नम्र अर्जदार,

(सही)
मोहिनी बन्सीलाल नारखेडे
असोदा

सोबत :
१. जागा लिहून दिल्याच्या कागदाची प्रत.
२. रिकाम्या खोलीचा फोटो. (कोपऱ्यात दिसणारे पातेले दुर्लक्षित करावे.)
३. सौ. सुनंदाबाई नारखेडे यांचे हमीपत्र.
४. भरीत व कळण्याच्या पुऱ्या, स्टीलचा डबा एक. हा केंद्र सुरू असल्याचा पुरावा समजू नये. वांगी घरी भाजली आहेत. डबा परत करण्याची घाई नाही. यंत्राच्या गाडीतून पाठवला तरी चालेल.