‘पान’ची किल्ली कुणाकडे

मी, वाल्मिक पुंजाराम दहिफळे, वय ३३, धंदा कॉम्प्युटर प्रोग्रामिंग, राहणार पाथर्डी, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. येत्या गुरुवारी माझ्या डोक्याचे ऑपरेशन आहे. गाठ डोक्यात असली तरी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला फार भीती वाटते आहे. सही वाकडी आली तर त्याचे कारण एवढेच समजावे.

१. राहते दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक पत्नी रेश्मा हिला. पुढची खोली हयातभर माझी आई कडूबाई हिची. आईला ऑपरेशन डोळ्याचे आहे असे सांगितले आहे. खरे सांगायचे माझे धाडस झाले नाही. वेळ आलीच तर ते रेश्माला करावे लागेल, त्याबद्दल तिने मला माफ करावे.

२. पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांनी ‘पान’ हा माझा प्रोग्राम भर मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून दाखवला. त्यांना माझ्याकडून काहीही नाही.

३. ‘पान’ म्हणजे काय ते वारसांसाठी लिहितो. आईवडील ऊसतोडीला जायचे. कॉलेजच्या सुट्टीत मी उसाच्या फडावर त्यांच्या पाचटाच्या कोपीत राहायचो, तिथे नेट नसायचे. म्हणून हा छोटा प्रोग्राम लिहिला. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर ‘पान’ आणि हव्या त्या कमांडचे, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमाचे, नाव टाइप केले की तिची माहिती नेटशिवाय तिथेच उघडते. आधी एक चालणारे उदाहरण, मग बाकीचे पाल्हाळ. आज चाळीस हजार लोक तो वापरतात. नवी आवृत्ती त्यांच्याकडे पाठवायची किल्ली, म्हणजे एक लांबलचक पासवर्ड, फक्त माझ्याकडे आहे. ती ज्याच्या हाती जाईल तो या सगळ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये हवे ते घुसवू शकेल.

४. एक अनोळखी गृहस्थ वर्षभर ‘पान’मधल्या चुका दुरुस्त करून पाठवतात. लई गोड लिहितात. त्यांना ऑपरेशनचे कळवले, तर प्रकृतीची चौकशी नाही, उलट मिनिटभरात निरोप आला: “किल्ली आजच द्या.” मी घाबरलो आणि बुधवारी देतो असे लिहून बसलो. ही माझी चूक. तेव्हापासून आठवण करून देणारे त्यांचे रोज तीन-तीन निरोप येतात. दिलेला शब्द मी या लेखाने मागे घेत आहे.

५. दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी निघाली की आमच्या घराची किल्ली करणमामा मोठ्या आवाजात मागायचा. आई त्याला द्यायची नाही. “मामा उद्या कुठं जाईल काय ठाव? साळूबाई हितंच हाय,” म्हणायची आणि शेजारच्या साळूबाईच्या हातात ठेवायची. सहा महिन्यांनी परतलो की घर झाडलेले असायचे, रांजण भरलेला असायचा.

म्हणून ‘पान’ची किल्ली व माझा लॅपटॉप मामेबहीण ज्योती हिला. ती स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास घेते. माझ्याइतके तिला येत नाही, पण तिच्याइतक्या चुका मला कुणी दाखवल्या नाहीत. “दादा, मला न्हाई कळलं, म्हंजे तुझं पानच चुकलंय,” असे ती तोंडावर सांगते. किल्ली कागदावर लिहून ठेवली आहे, ते पाकीट बाजरीच्या डब्यात आहे. रेश्माने ते बुधवारी ज्योतीच्या हातात द्यावे, मोबाईलवर काही पाठवू नये. त्या गृहस्थांना ज्योतीने उत्तर देऊ नये.

६. मी परत आलो तर किल्ली परत मागेन. साळूबाईने कधी विचारले नाही की तुम्ही येणार का. ज्योती, तूही विचारू नकोस. मला मरायचे नाही गं. गुरुवारी सकाळी आमचा रांजण तेवढा भरून ठेव.

स्थळ: पाथर्डी
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

सही: वाल्मिक पुंजाराम दहिफळे

साक्षीदार: छगन बन्सी पालवे, सत्यशीला छगन पालवे
वाल्मिक यांनी आम्हा दोघांसमोर सही केली. सही वाकडी आली आहे, पण त्यांचीच आहे.