पाच पितळी भोकं

बोरगाव, आषाढ १९४६

प्रिय मष्णू,

पत्र लिहायला बसले आणि दोनदा उठून नदीकडं बघून आले. दूधगंगा दोन्ही काठ धरून वाहतेय आणि तुझ्या दाजींचा पाय घरात ठरत नाही. लढाईत वापरलेली जुनी लाँच त्यांनी घेतली, हे तुला कळलंच असेल. शहापुरात मागावर जन्म गेलेला माणूस आता उतारू पलीकडं सोडणार! हौसेला मोल नाही, दुसरं काय!

इंजिन लई झकास चालतं रं. घोळ आहे तो विजेचा. आत फळीवर पाच पितळी झाकणं आहेत, खाली पिना खुपसायची भोकं. वरची अक्षरं कुणी रंग मारून बुजवलेली. कुठल्या भोकाची तार कुठं जाते, विकणाऱ्यालाही ठाऊक नाही. ह्यांनी दिव्याची वायर एकेकात घालून बघितली. दोनांत दिवा लागला, दोन मुकीच. पाचव्यात चर्रर्र करून ठिणगी उडाली, मी तर किंचाळलेच.

मग ह्यांनी काय करावं? मागावर हरवलेला धागा शोधतात तशा तारा ओढायला लागले! इकडून हे ओढणार, तिकडं इंजिनापाशी मी कुठली हलते ते सांगणार. मला आता वाकवत नाही, तरी वाकले. खरं सांगते, मजाही आली. नवी नवरी होते तेव्हा शहापुरात मी अशीच ताण्याच्या उभ्या धाग्यांच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. चार तारा सापडल्या. पाचवी ओढली ती हातातच आली, वरचं रबर करपलेलं. आणि बाबा रे, ह्यांनी ती विणकराच्या गाठीनं जोडली, वर सूत गुंडाळून मागावरची खळ लावली! आमच्याकडं तुटलेल्या सगळ्याला एकच औषध. आता बॅटरी जोडली की फळीमागून धूर येतो, आणि शेजारीच पेट्रोलची टाकी. बोलले तर म्हणतात, खळ ओली हाय, वाळली की थांबतंय. तू विजेच्या कामातला, तुला विचारू म्हटलं, तर मेहुण्यापुढं हात पसरणार न्हाय म्हणतात. जीव नुसता टांगणीला लागलाय.

माझे दिवस भरत आलेत, बाळंतपणाला तू न्यायला येणार हे ठरलेलंच. पण ह्यांनी डोक्यात घेतलंय, पहिल्या खेपेला बायकोलाच आपल्या बोटीतून माहेरी पोचवायचं, येत्या बुधवारी. गावभर सांगून झालंय, आता माघार घ्यायची लाज. म्हणून लिहिते. मंगळवारी पुलावरून गाडी घेऊन ये. विजेचं अवाक्षर काढू नकोस. माहेराहून न्यायला मुराळी आल्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडायचा न्हाय असं आईनं बजावलंय, एवढंच म्हण. आईच्या शब्दापुढं ते बोलायचे नाहीत. जेवणं झाली की तेच तुला बोट दाखवायला नेतील, तेव्हा त्यांची नजर चुकवून ती करपलेली तार काढ. तू आला नाहीस, तर मात्र मी त्यांच्याबरोबर बोटीत बसणार. एकट्यांना त्या धुरात पाठवून मी पोटातलं घेऊन काठावर उभी राहायची नाही, मष्णू.

गाडीच्या आवाजाकडं कान लावून बसलेली,
तुझीच
अंजनीआक्का