नावाआधीची मोकळी जागा

लातूर, १२ जून १९९४

चि. शिवकन्या हिस दयानंदाचे अनेक आशीर्वाद.

वकिलीची परीक्षा पास झालीस, आनंद झाला. म्हणजे झाला असावा; भूकंपापासून मला कशाचंच लवकर कळत नाही. आता कर कायद्यात एलएलएम करायचं म्हणतेस. आणखी दोन वर्षं घालवून पदरात काय पडणार? व्यापारी पदवी बघत नाहीत, साहेबाशी कुणाची ओळख आहे ते बघतात. इथे आमच्या क्लासमध्ये एकेका बाकावर पाच पाच मुलं बसतात. तुझं बीएस्सीचं गणित चांगलं, म्हणून क्लासच्या सरांनी तुझ्यासाठी शिकवायची जागा धरून ठेवली आहे.

गावातल्या बाबांच्या दुकानाबद्दल विक्रीकर कचेरीची नोटीस आली आहे. 'श्री. व्यंकटराव' यांनी स्वतः हजर राहावं, असं लिहिलंय. टेबलावर ठेवली आहे. येता-जाता नाव दिसतं.

जेवण वेळेवर करावे. बाबांचे आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दयानंद

नांदेड, २५ जून १९९४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

सरांना सांग, एसटीच्या सीटवर टाकावा तसा टाकलेला तो रुमाल उचला. माझी गाडी वेगळी आहे.

मी ज्यांच्याकडे काम शिकते, त्या हारिस वकीलसाहेबांचंही एलएलएमबद्दल मत तुझ्यासारखंच होतं. नोटिशीचं सांगितलं तर म्हणाले, साहेबांना भेटून तारीख वाढवून घेऊ. मी एलएलएमच्या प्राध्यापकांकडून पुस्तक आणून वाचलं. गेलेल्या माणसाच्या नावानं काढलेली नोटीस टिकत नाही. ती वारसांच्या नावानं नव्यानं काढावी लागते. वकीलसाहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जा बेटी, फॉर्म भर. वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं न्हाई."

पण दादा, कचेरीला आधी कळवावं लागेल. बाबांना जाऊन नऊ महिने झाले आणि आपण कुणालाच कळवलेलं नाही. अर्ज सोबत आहे. वारस आपण दोघंच. माझी सही केली आहे. बाबांच्या नावाआधीची जागा मोकळी सोडली आहे. मला लिहवलं नाही. तू थोरला आहेस.

तू प्रत्येक पत्रात बाबांचे आशीर्वाद लिहितोस. चुकतोयस, हे मी कळवलं नाही, कारण मला ते हवे असायचे.

लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुझी,
शिवकन्या

लातूर, ९ जुलै १९९४

चि. शिवकन्या हिस,

अर्ज पाठवत आहे. एक अक्षर आणि एक टिंब. आठ दिवस लागले. क्लासमध्ये फळ्यावर दिवसभर लिहितो, पण 'कै.' लिहायला हात उचलला जात नव्हता. लिहिल्यावर काही झालं नाही. रडूही आलं नाही. चहा केला आणि प्यायलो.

नोटीस मात्र मागू नकोस. तिच्यावर अजून 'श्री.' आहे.

सरांना रुमाल उचलायला सांगितलं. पदवीचा पुढे उपयोग काय, ते मला अजूनही ठाऊक नाही. फॉर्म भर.

या वेळी आशीर्वाद माझे एकट्याचे आहेत. पुरवून घे.

दादा