गुणाचं बाळ

आई, आज वॉर्डात मी एका आजीवर ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की शेजारच्या पाळण्यातल्या दोघांनी दचकून भोकाड पसरलं आणि शिकाऊ पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या बाईनं काही गुन्हा केला नव्हता. लालबागहून आलेली, सुनेसाठी डबा घेऊन. नातवावर वाकून एवढंच म्हणाली, "किती गुणाचं आहे हो सिस्टर, सकाळपासून हूं नाही की चूं नाही." माझी ड्युटी संपून तास झाला. दुपार टळायला आली, माझा डबा अजून उघडलेला नाही, आणि मी कपडे बदलायच्या खोलीत बसून तुला लिहितेय. मध्ये दोनदा चपला घालून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तू गेलीस तेव्हा मी साधी स्टाफ नर्स होते, आता परळच्या या हॉस्पिटलात नवजात बाळांचा अख्खा वॉर्ड माझ्याकडे आहे. मशिनं आली आहेत, तुझ्या वेळी नव्हती तेवढी. तरी एका वॉर्मरखाली दोन-दोन बाळं झोपवायचे दिवस येतातच, आणि थर्मामीटर तर कुठे जातात देव जाणे. म्हणून नवीन पोरी आल्या की मी पहिल्या दिवशी त्यांना तुझं शिकवते. हात आधी चोळून ऊन करा. मग हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पोट ऊन आणि पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार, तर धावा. त्या वहीत लिहून घेतात. एकीनं विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे, सिस्टर?" पुस्तकातही आहे, मी म्हटलं, पण मला एका आयाबाईनं शिकवलं. ती आयाबाई माझी आई, हे नाही सांगितलं.

तू आयाबाई झालीस ती संपानंतर. बाबांची गिरणी परत उघडलीच नाही, आणि तुला त्या प्रसूतिगृहात काम लागलं. मी नर्सिंगला गेले तेव्हा एकदा तुझा डबा द्यायला आले होते. तू एका एवढ्याशा मुलीला दुपट्यात गुंडाळत होतीस, आणि मी नव्या युनिफॉर्मच्या तोऱ्यात म्हणाले, "किती गुणाची आहे गं!" तू माझ्या हातावर फटका मारलास. सगळ्यांदेखत. "हो शबुद परत तोंडातसून काढू नको. गुणाचा नाय, गारठलाहा ता. पोराक रडूक होया." मग तू तिच्या तळपायाला टिचकी मारलीस, एकदा, दोनदा, आणि ती रडली. तू तिला तिच्या आईच्या उघड्या छातीवर पालथी घातलीस, वरून दोघींवर लुगडं ओढलंस, डोक्यावर टोपडं चढवलंस. बाबांच्या गिरणीतल्या जुन्या मलमलीची टोपडी तू फावल्या वेळात शिवायचीस. माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा साडी नाही, घड्याळ नाही, चाळीस टोपड्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवलास. मला तेव्हा रागच आला होता. आता त्यातली तीन उरली आहेत आणि ती मी कुणाला घालू देत नाही.

तू मला का मारलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. आपण दोघी कधी त्याबद्दल बोललो नाही, एवढंच.

संपाचा पहिलाच हिवाळा. मी अकरा वर्षांची. भाऊ आठव्या महिन्यात झाला, माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढा. बाबा गावाला तांदूळ आणायला गेलेले. बाळाला न्हाऊ घालायला चाळीतली ती म्हातारी यायची, तासभर तेल रगडायची, भरपूर पाणी ओतायची, आणि मग तो जो झोपायचा तो झोपायचा. अख्खा मजला येऊन बघून जायचा. "काय गुणाचो झील गो तुझो! बापसाचे हाल कळतत त्येका." तू हसायचीस. तुला बरं वाटायचं, आणि का वाटू नये? घरात दुसरी कुठली बरी गोष्ट नव्हती. एवढंसं बाळ दूध मागत नाही म्हणजे त्याच्यात मागायची ताकद उरलेली नाही, हे आपल्याला सांगणारं त्या चाळीत कोण होतं? त्याला उठवून दोन-दोन तासांनी पाजायचं असतं, हे मला दहा वर्षांनी वर्गात कळलं. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मी उठून बाहेर गेले होते.

त्याचा बारावा दिवस. चाळीच्या फाटकाशी संपवाल्यांना धान्य वाटणार होते, आणि बाबांचा गिरणीचा पास घेऊन मोठ्या माणसानंच उभं राहायचं होतं. तू कानाला पंचा बांधलास, वाटीत दूध काढून ठेवलंस आणि मला म्हणालीस, "उठलो की चमच्यान दी. काय वाटला तर गॅलरीतसून हाक मार, मी हय खालीच आसय."

रांग गॅलरीतून दिसायची. तू सातवी होतीस, मी मोजलं होतं. मी गॅलरीत सागरगोटे खेळत होते, मधूनमधून आत जाऊन त्याला बघत होते. तू खालून मान वर करून हातानंच विचारलंस, काय करतोय? मी दोन्ही तळवे गालाखाली धरून मान कलती केली, निजलाय. तू हसलीस. थोड्या वेळानं परत विचारलंस, मी परत तसंच केलं. तू वर आलीस तेव्हा तुझ्या पिशवीत गहू होता आणि भाऊ निळा पडला होता.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. टॅक्सी, हॉस्पिटल, डॉक्टरांचा प्रश्न, "कधीपासून गार आहे?" तू म्हणालीस, "मी गेलंय तेव्हा ऊन होतो, डॉक्टर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, "ऊन होता." त्यानंतर मरेपर्यंत तू एकच घोकत राहिलीस, मी रांगेत गेलंय नसतंय तर. गव्हाची पोळी तू पुन्हा खाल्ली नाहीस. बाबा समजावून थकले. मी समोर बसलेली असायचे, भात कालवत.

आता आजचं ऐक. आजी "गुणाचं" म्हणाली, मी हात चोळले, पोट ऊन लागलं आणि पाय गार. "गुणाचं नाही, गारठलंय ते!" म्हणून मी ओरडले. मग तुझंच सगळं केलं. सुनेच्या छातीवर पालथं घातलं, टोपडं, मोजे, वरून पांघरूण, वाटी-चमच्यानं थोडं थोडं दूध. साखर तपासली, डॉक्टरांना बोलावलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाय ऊन झाले आणि त्यानं असा काही सूर लावला की सून हसता हसता रडायला लागली. पोरगं वाचलं, आई. कोण कुठलं पोरगं, पण मला खूप आनंद झाला.

बाहेर आले तर आजी बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली. उघडलाच नव्हता तिनं. माझा हात धरून म्हणाली, "माझ्यामुळे झालं का हो? मीच म्हटलं सुनेला, निजलंय तर निजू दे." मी म्हटलं, "नाही हो आजी, तुमच्यामुळे नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." किती सहज म्हणाले मी! तोंडातून निघायला क्षणही लागला नाही. आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. हेच वाक्य तुला हवं होतं, त्यानंतर वीस वर्षं आपण एका खोलीत राहिलो, आणि ते मी दिलं नाही. तुला संशय होता का गं? पोट आणि पाय मला पहिल्यांदा दाखवलंस, तेव्हा तू बाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होतीस. की मलाच तसं वाटलं?

हे कागद मी घरी नेणार नाही. त्या तीन टोपड्यांच्या खाली कपाटात ठेवीन आणि रिटायर होताना फाडीन. तुला पोचायचं नाहीच आहे, म्हणून तर लिहिता येतंय.

तू दुसऱ्यांदा मान वर करून विचारलंस ना, त्याच्या आधी मी आत जाऊन आले होते. त्याचं दुपटं सरकलं होतं. मी त्याचे पाय धरले, ते गार होते, आणि मला ते विचित्र वाटलं होतं. तू म्हणाली होतीस, काही वाटलं तर हाक मार. माझा डाव रंगात आला होता, आणि रांगेत तुझा नंबर आता दुसरा आला होता. मी दुपटं नीट केलं, बाहेर आले, आणि तळवे गालाखाली धरले.