सोजरामायचा डबा

पुणे,
११ जानेवारी २०२५

ती. शिवकन्यावहिनींस,
दिपाचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. दादाला विचारलं तर तो म्हणतो, तुझी वहिनी फोन पिठाच्या डब्यामागं सारते आणि कामाला लागते. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तुम्ही या घरात आलात, रोज माझ्या वेण्या घातल्यात. आता तुमचा आवाज ऐकायला मला दादाची मनधरणी करावी लागते. हे माझंच कर्तृत्व, दुसऱ्या कुणाचं नाही.

आपल्याकडे लग्नाच्या आमटीत येसर पडलं नाही तर पंगत नाक मुरडते. इथं मात्र सगळ्यांना सांगावं लागतं की बाई, बाजरी, गहू, डाळ आणि मसाला भाजून केलेलं ते पीठ असतं. म्हणूनच दिवाळीत तुम्ही भाजत होतात तेव्हा मी व्हिडिओ काढला. मी विचारलं, कुणी शिकवलं. तुम्ही हसत म्हणालात, शिकवलं शेजारच्या सोजरामायनं, पण तिचं नेहमी करपतं, आमटीला धुराचा वास मारतो. मी तसंच नेटवर टाकलं. पुण्या-नाशिकहून मागण्या आल्या, मी इथं उड्या मारल्या.

आणि तेच आपल्या गावात, साखऱ्यात पोचलं. सोजरामाय तुमच्याशी बोलत नाही, दोन लग्नांत तिला आमटी करायला बोलावलंच नाही, हे मला दादाकडून कळलं. मी व्हिडिओ काढून टाकला, पण लोकांनी तो पुढं पाठवला होता. वहिनी, मला अन्न गोड लागत नाही. मी माफीचा एक व्हिडिओ करू का? सांगाल ते करीन.

रागवा, पण लोभ आटू देऊ नका.
तुमची,
दिपा

साखरा, ता. सेनगाव,
३ मार्च २०२५

चि. सौ. दिपा हिस,
शिवकन्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लिहायला बसलं की तूर आठवायची, तूर झाली की हरभरा. खरं सांगू का, कागदावरबी तोंड दाखवायची लाज वाटत होती. फोन उचलत न्हाई ते तुझ्यावरच्या रागानं न्हाई गं. तो हातात घेतला की माझंच हसणं कानात येतं.

आणि माफीचा व्हिडिओ? अगं माझे बाई, ज्यांना ठाऊक न्हाई त्यांनाबी कळवायचं हाये का? हात जोडते, काही करू नको. धंद्यासाठी फोन बंद, हे मी ठरवून टाकलं. तिकडची गिऱ्हाइकं आली तशी गेली. आपल्या गावातल्या लग्नांचं येसर मातर थांबलं. बाया म्हणायच्या, शिकवणाऱ्या बाईलाच जी नाव ठेवते तिच्याकडून काय घ्यायचं. बराबर बोलल्या.

मग मी सेनगावच्या भांडेवाल्याकडून स्टीलचे डबे आणले. प्रत्येकावर नाव घालून घेतलं, शिवकन्या येसर, साखरा. ज्या घरी लग्नाची तारीख निघाली तिथं एका आमटीपुरतं येसर भरून डबा धाडते, फुकट. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं हे आपल्यात लेकरालाबी कळतं. त्यामुळं डब्यात कुणी तीळ घालतं, कुणी गूळ, कुणी मुगाची डाळ. सोबत निरोप येतो, इतकं इतकं येसर दळून ठेवा. तवर चार घरच्या बायांनी डबा हाताळलेला असतो, नाव वाचलेलं असतं. आखाडा बाळापूरचं एक घर तर बहिणीच्या फळीवर डबा बघून आलं. जळबा जीपवाला डबे पोचवतो, वरून माझ्या येसराचं कौतुक करतो. त्यानं ते अजून चाखलंबी न्हाई.

सोजराबाईच्या नातीचं, प्रतिक्षाचं लग्न तीस एप्रिलला हाये. सगळ्यात पहिला डबा मी तिलाच धाडला, जळबाच्या हातानं. बाकीचे सगळे डबे आले, तेवढा एक आला न्हाई. भिंतीला भिंत लागून घर आणि महिना होऊन गेला. आता बाया विचारून राहिल्या, सोजराबाईनं डबा काहून परत केला न्हाई, येसरातच खोट हाये का. दोन घरं त्याच्यावरच अडून बसलीत. तिचा डबा आला न्हाई तर माझं दुकान या उन्हाळ्यातच बसतंय.

पण दुकान मरू दे. एक गोष्ट तुझ्या दादालाबी सांगितली न्हाई, ती तुला सांगते. तिचं येसर करपत न्हाई. ती बाजरी मुद्दाम काळपट होऊ देते, सगळी चव तिथंच हाये. मी तेच शिकले, तेच विकत आले. तू फोन धरलास आणि माझ्या मनात आलं, सगळं तिचंच म्हटलं तर माझं काय राहिलं? म्हणून हसले. तू नुसतं दाखवलंस, बोलले मी.

तब्येत सांभाळ. या वहिनीवर माया राहू दे.
तुझी,
शिवकन्यावहिनी

पुणे,
१२ मार्च २०२५

ती. सोजरामायच्या पायांशी,
दिपाचा साष्टांग नमस्कार. करुणावहिनी, हे सासूबाईंना वाचून दाखवा, एक अक्षर गाळू नका.

माय, तुम्हाला वाटत असेल, पोरीनं कौतुकानं काढलं, तिच्या ध्यानात आलं नाही. तसं नाही. ते बोलणं मी टाकण्याआधी दोनदा ऐकलं होतं. तेवढा तुकडा कापून टाकणं एका बोटाचं काम होतं. ऑफिसातल्या मैत्रिणींना आधी दाखवलं, त्या तिथंच हसल्या, म्हणून मी तो ठेवला. ओट्यावरचं बोलणं ओट्यावरच विरलं असतं. ते गावोगाव नेलं मी.

लहानपणी मला ताप आला की तुम्ही येसरच्या आमटीत भाकरी कुस्करून भरवायचात. तीच आमटी, माय. मला स्वतःची लाज वाटते.

वहिनींनी मला एक गोष्ट लिहिली आहे. ती मी सांगणार नाही, त्यांनीच तुम्हाला सांगायला हवी. मला काय बोलायचं ते बोला, पण त्यांचा डबा परत करा. तुमच्याकडचा डबा येत नाही म्हणून लोक त्यांचं येसर घ्यायला कचरतात.

शिव्या द्या, पण मला परकी करू नका.
तुमची,
दिपा

साखरा,
२८ मार्च २०२५

चि. दिपास,
सोजराबाईचा आशीर्वाद. मी बोलून राहिले, सून करुणा लिहून राहिली. मधीच हसली तर लाटणं दाखवते तिला.

तुझं पत्र वाचलं. करुणा रडली. मी न्हाई रडले, माझ्या डोळ्यात चुलीचा धूर गेला. तू दोनदा ऐकून ठेवलंस हे सांगितलंस, ते बरं केलंस. राग व्हता आणि हाये. तीस वर्सं या गावातली आमटी माझ्या हातची. औंदा दोन लग्नांत मी ओट्यावर बसून दुसरीच्या आमटीचा वास घेतला. माझ्या लेकीला बाळापूरला बारशात बाया म्हणाल्या, तू चुलीपासून लांब बस गं बाई, करपवशील. हे मी विसरणार न्हाई, तूबी विसरू नको.

आता डब्याचं ऐक. शिवकन्यानं साऱ्या तालुक्याला जळबाच्या हातानं डबे धाडले, तसाच मलाबी. काहून? मी काय गिऱ्हाईक हाये तिचं? नवी नवरी व्हती तवा तिला धड चूल फुकता येत नव्हती, मी शिकवलं. आमच्या दोघींच्या दारात वीस पावलं न्हाईत, आणि त्याच्यासाठी जीप! मी तो डबा उघडला न्हाई. फळीवर ठेवला.

परत कसा करू? जळबाच्या हातानं? मग तर सगळंच तुटलं. डबा माझ्याकडं हाये तवर तिला माझ्या दारात यायला कारण हाये, म्हणून दाबून ठेवला. ही बाई येईना. भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकते, औषध घेत न्हाई वाटतं. मी थोरली, मी बलावणार न्हाई. आता वीस पावलांचा निरोप पुण्यावरून जाऊन राहिला. करुणा हसली बघ.

लग्नाला ये. तुझ्यासाठी पाट मांडलेला राहील.
सोजराबाई

साखरा,
९ एप्रिल २०२५

चि. दिपास,
वहिनीचे आशीर्वाद.

सोजराबाईचं पत्र तू जसंच्या तसं पाठवलंस ते बरं केलंस. वाचलं आणि चपला न घालता निघाले. मी येड्यासारखी समजत व्हते की ती माझा अपमान करून राहिली. मी डबा जळबाकडं दिला तो येळ नव्हता म्हणून न्हाई गं. तिच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नव्हती.

ती सूप घेऊन दारातच बसली व्हती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, करपत न्हाई ते, आणि मी काहून हसले ते. ती पाखडतच राहिली. मग म्हणाली, मला दिवाळीतच ठाऊक झालं व्हतं, माझ्याच येसराचा वास मला भिंतीपलीकडून कळत न्हाई का. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग ती उठली, फळीवरून डबा काढला आणि माझ्या हातात दिला. भरलेला, झाकणसुद्धा हललेलं न्हाई. मला वाटलं, संपलं. तर म्हणते, आता हा घरी ने आणि तुझ्या हातानं घेऊन ये. मी माझ्या दारापर्यंत गेले, वळले आणि पुन्हा आले. समोरच्या ओट्यावरच्या बाया गहू निवडायचं सोडून बघत व्हत्या. तिनं दोन्ही हातांनी डबा घेतला, उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, बाजरी कच्ची ठेवून राहिलीस, भीत भीत भाजतेस.

खरं हाये, दिपा. दिवाळीपासून मी बाजरी पांढरटच उतरवते, कुणी करपलं म्हणू नये म्हणून. सगळीकडं तेच येसर गेलं आणि मला एकीनंबी सांगितलं न्हाई. काल तिनं मला तिच्या चुलीपाशी बसवलं. मी कढई उतरवायला गेले की हात धरायची, अजून थोडं, अजून थोडं. तीस तारखेची आमटी ती करणार, येसर मी पेरणार. अडून बसलेल्या दोन घरांचे निरोप सकाळीच आले.

माफ केलं असं ती म्हणाली न्हाई, मीबी विचारलं न्हाई. तू लग्नाला ये, फोन तिकडंच ठेवून ये.

डबा अजून तिच्याकडंच हाये. तिच्या हातानं आणून देणार म्हणाली, कधी ते सांगितलं न्हाई. मी दिवसभर दार लावत न्हाई.

माया हाये तशीच राहू दे.
तुझी,
शिवकन्यावहिनी