चौथ्या जागेवरची वहिनी

प्रिय वहिनी,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. चार वर्षं तोंड न दाखवणारी नणंद अचानक 'प्रिय' म्हणतेय म्हणजे हिचं काहीतरी अडलंय, असं तुला वाटणारच. अडलंयच. तुझ्या लेकीने मला एक गोष्ट सांगितलीय, पण ती शेवटी. मनात आलं की तोंडावर फेकायची माझी सवय तुला चांगली ठाऊक आहे. तिनेच सगळा घात केला, म्हणून या खेपेला जरा वळसा घालून येते.

आधी हसून घे. मी ध्यानाला बसते. हो, मीच! जिला तू 'तोफ' म्हणायचीस ती, दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत, डोळे मिटून, गप्प. रक्तदाब बघून डॉक्टरांनीच पिटाळलं. मला वाटायचं, बुद्धाची शिकवण म्हणजे घरदार सोडलेल्यांचं काम. शिकवणाऱ्या बाई आयुष्यभर नर्स होत्या. त्या म्हणाल्या, घरदार राहू दे, तुम्ही नुसती फोन उचलायची घाई सोडा. मी अजून त्याच गिझरच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या, झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणायचं आणि साठलेलं सगळं घरी येऊन ओकायचं. आता दोन रिंग जाऊ देते. एक श्वास आत, एक बाहेर, मग उचलते. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, तुम्हाला खुर्चीत डुलकी लागते का हो?

मग बाईंनी मैत्रीभावना शिकवली. चार जणांचं मनापासून भलं चिंतायचं. आधी स्वतःचं, मग जवळच्या माणसाचं, मग ज्याच्याशी घेणं ना देणं अशा कुणाचं आणि चौथ्या जागी, ज्याचं नाव काढलं तरी डोकं उठतं त्याचं. पहिलं मी गाळायचे, स्वतःचं कसलं भलं चिंतायचं? दुसऱ्या जागी आई. तिसऱ्या जागी आमचा लिफ्टवाला. आणि चौथी जागा, रागावू नकोस, दीड वर्षं तुझीच होती. दर गुरुवारी तुला समोर बसवून दातओठ खात म्हणायचे, वहिनी सुखी होवो. बाईंकडे तक्रार केली की काही फरक पडत नाही. त्या म्हणाल्या, दात जरा सैल सोडून म्हणून बघा.

आणि गेल्या महिन्यात तो फोन आला. एक बाई होती. गिझर तीन दिवस बंद, घरात सासू अंथरुणाला खिळलेली, दिवसातून तीनदा पुसून काढावी लागते आणि आम्ही नुसत्या तारखा देतोय. मला नको नको ते बोलली. एरवी मी ठरलेलं वाक्य म्हणून मोकळी झाले असते. त्या दिवशी नुसती ऐकत राहिले. ओरडता ओरडता ती रडायलाच लागली. म्हणाली, नणंद रविवारी येते, फळं ठेवते, आईच्या पाठीला जखम कशी झाली म्हणून मला विचारते आणि निघून जाते. वहिनी, मला तिच्या जागी तूच दिसलीस.

अकरा महिने गं! आईला उचललंस, कुशीवर वळवलंस, धुतलंस. मी रविवारी यायचे, संत्री ठेवायचे, चादरीवर बोट फिरवून बघायचे आणि पाचला निघायचे. तुझ्या मनगटाला पट्टा बांधलेला असायचा. तो मला दिसत होता. एकदाही विचारलं नाही. आणि आई गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, आता सुटलीस ना? तू आत जाऊन तिची चादर धुवायला टाकलीस. चुकले मी, वहिनी. फार चुकले.

त्या बाईकडे संध्याकाळच्या आत माणूस पाठवला, साहेबांशी भांडून. तोफ अगदीच थंडावलेली नाही! पण त्या गुरुवारी डोळे मिटले आणि घोटाळा झाला. जवळच्या माणसाच्या जागी आईला बोलवायला गेले, तर तिच्याशेजारी तू येऊन बसलीस, मनगटाच्या पट्ट्यासकट. काही केल्या हलेचनास. चौथ्या जागेकडे वळले तर तिथे मीच, हातात संत्र्यांची पिशवी. तिचं भलं चिंतणं सगळ्यांत जड गेलं. आता थोडं थोडं जमतंय.

तर तुझ्या लेकीने सांगितलं ते असं, की दादा जिन्यावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरूण आणि आत्याला कळवायचं नाही अशी तुझी ताकीद. पोरीला रागावू नकोस. तू पुन्हा एकटीने उचलणार, म्हणून हे पत्र. या रविवारी सकाळी सातला येते. पुढच्या रविवारीही येईन आणि त्याच्या पुढच्याही. दादाला पुसायचं, वळवायचं काम माझं, तू झोप. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस. मी दोनदा बेल वाजवून जिन्यात बसेन, गप्प बसायची सवय झालीय आता. येताना फळं आणणार नाही. भिजला तरी चालेल असा जुना गाऊन तेवढा आणतेय.

तुझीच,
तोफ