पंधराशे वाजता

जळगाव, मंगळवार

प्रिय प्रेमराज,

पाकीट बघून दचकू नकोस. इकडे सगळे ठणठणीत आहेत आणि मला कुणाकडून काही नको आहे. फोन सोडून पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘बरं भाऊ, ठेवतो’ म्हणतोस, आणि मला जे सांगायचं आहे ते तीन वाक्यांत बसणारं नाही. शिवाय पत्रात संस्कृतच्या मास्तराची एक सोय होते. वाक्य कितीही लांबवलं तरी समोरचा घड्याळाकडे बघतो आहे हे दिसत नाही.

धुळ्याच्या घराची वास्तुशांत छान झाली. घर तुझ्यासारखंच आहे, सरळ आणि चुना मारलेलं. हॉलमधल्या घड्याळात एक ते बाराच्या आतल्या बाजूला लाल रंगाने तेरा ते चोवीस आकडे तू स्वतः काढलेस म्हणे. फौजेतून येऊन तुला चार वर्षं झाली, पण फौज काही तुझ्यातून घरी आलेली नाही. निमंत्रण पत्रिकेवर ‘भोजन : १३०० वाजता’ छापायची कल्पना कुणाची, हे छापखान्यातल्या माणसानेही ओळखलं असेल. कामिनी मला सांगत होती, की तिने ‘दुपारी एक’ लिहा म्हणून सुचवलं, तर तू म्हणालास, ‘दुपारी’ लिहिलं की लोक दुपारभर येत राहतात. आणि झालं तेच. चाळीसगावचे वनामामा तीन वाजता उगवले, मांडववाला सतरंज्या गुंडाळत असताना. तेरातले दहा काढले की तीन उरतात, हा त्यांचा हिशेब. बारा काढायचे असतात हे त्यांना पंच्याहत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

तू त्यांना ताटावर बसवलंस, गार झालेल्या बट्ट्या परतून आणायला लावल्यास, आणि तुपाची वाटी घेऊन शेजारी बसून शिकवणी सुरू केलीस. मामा, बारापर्यंत आकडा आहे तसा घ्यायचा, तेरापासून पुढे बारा वजा करायचे. चौदा म्हणजे दोन, अठरा म्हणजे सहा, दहा कधीच वजा करायचे नाहीत. मामा वरणात बट्टी कुस्करत म्हणाले, “भाचा, पुढला टाईमले मी जेवीसनच येसू.” सगळे हसले. मी हसलो नाही. ते तुझ्या नजरेतून सुटलं नाही. तू विचारलंस, भाऊ, ॲसिडिटी का? मी हो म्हणालो. मग तूप वाढता वाढता तू सहज म्हणालास, “मामा, तुम्ही दोन तास उशिरा का होईना, आलात. आमचे आबा तर माझ्या एका फोनसाठी चोपड्याच्या दुकानापर्यंत आले नव्हते.” हसतच म्हणालास. सत्तावीस वर्षं हे वाक्य तू इतकं घासून गुळगुळीत केलं आहेस, की ऐकणाऱ्याला तो विनोदच वाटावा.

ते खरं नाही, प्रेमराज. आबा आले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

आता तू खुर्चीत ताठ झाला असशील. तसाच बस, मी क्रमाने सांगतो. केळीला पाणी सुरू ठेवून तू भरतीला पळालास तो दिवस तुला आठवत असेल. पाणी कुणी तोडलंच नाही, खालच्या अंगाची रोपं आडवी झाली, आणि आबा चिखलात उभे राहून म्हणाले, त्याला म्हणावं, परत तोंड दाखवू नको. हे मीच तुला कळवलं होतं. थोरल्याचं कर्तव्य म्हणून. चार महिन्यांनी ट्रेनिंग सेंटरातून तुझं पत्र आलं. ते अजून माझ्या कपाटात आहे. ‘रविवारी १५०० वाजता गौतमचंद शेठच्या दुकानावर फोन करीन. इथे रांग असते, प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. आबांना घेऊन ये. ते आले नाहीत तर मी काय ते समजेन.’

मी ते आबांना वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर त्यांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग विचारलं, “पंधराशे म्हंजे कितला वाजे रे?” मी म्हणालो, पाच.

लगेच म्हणालो, हे लक्षात घे. जरा थांबलो असतो तर कदाचित चुकलो नसतो. सव्वीस वर्षांचा होतो, बी. ए. ला पहिला वर्ग, नुकती नोकरी लागलेली. आमच्या पोथ्यांत दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्याच्या साठ घटका, आणि एक घटका चोवीस मिनिटांची. दुपारचे तीन म्हणजे साधारण साडेबावीस घटका, हे मी झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. पण पंधरातून बारा वजा करा, असं कुठल्याही ग्रंथाने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायची सवय पदवी मिळाली त्या दिवशीच सुटली होती. वनामामांनी केला तोच हिशेब मी केला. फरक इतकाच, की त्यांच्या हिशेबापायी बट्ट्या गार झाल्या.

त्या रविवारी आबांनी दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ केली. मी नंतर पुष्कळदा हिशेब घातला आहे. तिकडे तू फोन फिरवत होतास तेव्हा ते न्हाणीत होते आणि मी बाहेरून टॉवेल देत होतो. लग्नकार्याला काढायचं ते धोतर नेसले, टोपी घातली, आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून चोपड्याला निघाले. वाटेत मला विचारत होते, “फोनमा जोरमा बोलनं पडस का?” आपण साडेचारलाच पोचलो. ‘आपण’ लिहून गेलो बघ. तू नव्हतास. शेठने आत बसायला स्टूल दिलं, ते आबांनी घेतलं नाही. ओट्यावर अशा जागी बसले, की दारातून फोन दिसेल. शेठने विचारलं, हा मुलगा कोणता? तर अभिमानाने म्हणाले, “हाऊ मोठा. संस्कृतमा पहिला.”

पाच वाजता शेठच्या आईने, सायरबाईंनी, मला पाणी प्यायला आत बोलावलं. दुपारी शेठ जेवायला गेले की गल्ल्यावर त्या बसायच्या. पेला हातात देत म्हणाल्या, “तीन बजे थारे भाई को फोन आयो थो. मैं बोल दियो, अठै कोई कोनी आयो.” तीनला तुझा फोन आला होता, आणि इथे कुणी आलेलं नाही असं त्यांनी तुला सांगून टाकलं होतं. पेला हातात असतानाच मला सगळं कळलं. आबा बाहेर चार पावलांवर होते. ‘आबा, माझं चुकलं, फोन येऊन गेला,’ एवढंच म्हणायचं होतं. मी पाणी प्यालो, पेला विसळून पालथा ठेवला, आणि बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसलो. म्हातारीला वाटलं, निरोप दिला, आपलं काम झालं. तिने तो विषय पुन्हा कुणाकडे काढला नाही.

दिवेलागणीपर्यंत आम्ही तिथे होतो. फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा सरकीच्या भावासाठी. दोन्ही वेळा आबा उठून उभे राहिले आणि टोपी नीट केली. परत येताना म्हणाले, “लाईन बिघडेल व्हई.” मी सायकल चालवत होतो. हो म्हणालो.

तुला लिहिलं, ‘आबांना यायला जमलं नाही.’ शब्दाशब्दाने पाहिलं तर खोटं नाही. तीन वाजता त्यांना जमलं नव्हतंच. अशी वाक्यं रचायला मला फार शिकावं लागलं होतं. मनात होतं, तू रजेवर आलास की दोघांना समोरासमोर बसवून सांगू आणि तिघं मिळून हसू. चौदा महिन्यांनी तू आलास. तू पाया पडलास, आबांनी विचारलं, “रजा कितली?” तू म्हणालास, अठ्ठावीस दिवस. पुढचे अठ्ठावीस दिवस तुम्ही दोघे पाऊसपाण्याबद्दल बोललात. तुला वाटत होतं ते आले नाहीत, त्यांना वाटत होतं तू फोन केला नाहीस, आणि दोघांपैकी कुणी विचारणार नाही याबद्दल मी निश्चिंत होतो. आपल्या घरात हट्ट वाटून घ्यावा लागत नाही, प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो.

अजून एक राहिलं आहे. आबा गेले त्याला या श्रावणात अकरा वर्षं होतील. तेराव्याला गौतमचंद शेठ आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्या रविवारनंतर आणखी चार रविवार आबा दुकानावर येत राहिले. एकटे, पायी, बरोबर पाच वाजता. तंबाखू घ्यायचे आणि ओट्यावर बसायचे. अंधार पडला की उठायचे. कशासाठी बसतो हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि शेठने विचारलं नाही. घरी ते तंबाखू आणायला जातो म्हणायचे, आणि मला बरं वाटायचं, की आबा आता सावरले. हेही मी अकरा वर्षं तुला सांगितलं नाही.

मी चिवट माणूस आहे. हे आणखी वीस वर्षं ठेवलं असतं, आणि माझ्याबरोबर गेलं असतं. पण परवा रविवारी तुझी सारिका आमच्याकडे आली होती. वास्तुशांतीला ती का नाही, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तू तिची परीक्षा आहे म्हणून सांगत होतास. मीही ते मानलं होतं. तिने सांगितलं, की पोलीस भरतीची तयारी सोडून ती इथे जळगावजवळ केळीची रोपं तयार करतात त्या प्रयोगशाळेत लागली आहे, आणि लागल्यावर तुला कळवलं म्हणून तू चार महिने तिच्याशी बोलत नाहीस. तू केळीतून पळालास आणि ती पळून केळीत गेली, यात हसण्यासारखं बरंच आहे, ते पुन्हा कधीतरी. ती दर रविवारी सकाळी अकराला फोन करते, तू घरी असतोस हे तिला ठाऊक आहे म्हणून, आणि तू तो वाजू देतोस. परवाही माझ्या ओसरीत बसून तिने केला. मी बघत होतो. पूर्ण वाजला. मग मला म्हणाली, “मोठे पप्पा, पप्पांनी आईबरोबर निरोप दिलाय, माझ्या बापाने माझा एक फोन घेतला नव्हता, तरी मी काही मेलो नाही.” रडली नाही. येत्या रविवारी शेवटचा करते म्हणाली, त्यानंतर नाही. ज्या गोष्टीच्या आधारावर तू तिला ही शिक्षा देतो आहेस ती घडलेलीच नाही. ती माझ्या एका चुकलेल्या वजाबाकीतून निघाली आहे. सकाळचे अकरा तुमच्या घड्याळात अकराच असतात आणि आमच्याही, त्यात कुणी काही वजा करायचं नाही. पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे, शुक्रवारपर्यंत मिळेल असं खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. रविवारी फोन उचल. माझ्यावर रागवायचं आहे ते सोमवारपासून रागाव.

तू ठेवशील तोवर तुझाच भाऊ,
ज्ञानेश्वर